घणसोलीला गाडी थांबली, आवाज थांबला नाही

कालची दुपार, ठाणे-पनवेल लोकल, लेडीज डबा. जर्नल पूर्ण करण्यात रात्र गेलेली, त्यामुळे दिघा गाव यायच्या आतच मी खिडकीला डोकं टेकून गाढ. मग कुणीतरी गुडघ्यावर चापट मारली.

"ए मुली, ऊठ. दात खातेयस."

समोरच्या काकू मांडीवर पिशवी पसरून मोड आलेले वाल सोलत होत्या. "रबाळ्यापासून ऐकतेय. म्हटलं, चाकं वाजतायत. पण घणसोलीला गाडी थांबली तरी आवाज चालूच!"

पलीकडच्या दोघींनी इयरफोन काढले.

"जंत झालेत तुला. गोड फार खातेस का?"

"काकू, जंतांमुळे नाही होत ते. ताण, अर्धवट झोप, सारखी कॉफी, यांनी वाढतं. ब्रुक्सिझम म्हणतात."

"म्हणेनात का. लग्न झालंय?"

"नाही."

"मग ताण कसला?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते अंतर्गत गुणांपासून सुरू होऊन तुर्भ्यापर्यंत संपलं नसतं. तेवढ्यात दारातल्या बाईंनी तोंड घातलं. "शाळेत गोळ्या देतात बघा फेब्रुवारीत. तिथे जाऊन घे." त्या 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाच्या गोळ्या 1 ते 19 वर्षांच्या मुलांना देतात. मी वीस पूर्ण. म्हणजे सरकारनेही हात झटकलेले.

"गोळ्या उष्ण पडतात," काकूंनी निकाल दिला. "वावडिंग घालून पाणी उकळ. आणि झोपताना तोंड मिटून झोपायचं."

तोंड मिटूनच तर दात खातात! पण हे सांगायच्या आत कोपरखैरणे आलं, काकूंची मैत्रीण चढली, आणि तिला तिसरी सीट देता देता काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाळा, जरा डोळे मीट बघू परत. हिला ऐकव."

मैत्रिणीने खरंच कान पुढे केला. मी नेरुळपर्यंत टक्क जागी बसले. काकूंच्या उपचाराला तेवढा गुण आला म्हणायचा.

तसं घरीही कौतुकच आहे. धाकट्या बहिणीने माझा आवाज मोबाईलवर टिपून मावशीला पाठवला. मावशीने विचारलं, मिक्सर दुरुस्त का करत नाही? डेंटिस्टने मात्र एकदाच तोंडात डोकावून, "परीक्षा चालू आहे का?" असं विचारलं. दाढांची टोकं सपाट झालीत म्हणे. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण एकदा झिजलं की परत येत नाही. झोप चाळवते, क्षणभर अर्धवट जाग येते, त्याच्या आसपास जबडा आवळला जातो. सकाळी आपल्याला पत्ताच नसतो, फक्त कानशिलं ठणकतात. उपाय म्हणून रात्री दातांवर चढवायचा नाइट गार्ड. त्याने सवय जात नाही, दात तेवढे वाचतात. किंमत ऐकून मी जागेपणीच दात आवळले. तोही प्रकार असतो, डॉक्टर म्हणाले. फुकटात दुसरं निदान.

कुणी विचारत नाही की ही पोर दुपारी लोकलमध्ये का झोपते. आमच्या वर्गात बारा वाजता झोपणाऱ्याला आजारी समजतात. प्रॅक्टिकलचं वेळापत्रक रात्री येतं, दुरुस्ती मध्यरात्री, आणि रद्द झाल्याचं आम्ही गेटवर पोचल्यावर. त्यात घर लोकमान्यनगरला; स्टेशनपर्यंतच्या बसमध्ये उभं राहून झोपायची कला मला अजून साधलेली नाही.

आत्ता पुन्हा मेसेज आलाय. रात्रीचे अकरा चाळीस. उद्या, रविवारी, सकाळी साडेसातला सेमिनार हॉलमध्ये व्याख्यान, विषय 'विद्यार्थी आणि निरोगी झोप'. हजेरी सक्तीची, पाच गुण. उशिरा येणाऱ्यांनी पालकांची चिठ्ठी आणावी.