गाडी उभी राहतेच, मग थांबा द्यायला काय बिघडतं?

परवा ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर विषय निघाला गणपतीच्या रिझर्वेशनचा आणि दहा मिनिटांत आवाज चढले ते कोकण रेल्वेच्या खारेपाटण रोड स्टेशनला एक्स्प्रेसचा थांबा द्यावा की नाही यावरून. भाई म्हणाला, प्रत्येक गावाला एक्स्प्रेसचा थांबा पाहिजे तर मग तिला एक्स्प्रेस कशाला म्हणता, एसटी म्हणा ना. भाई मूळ कुडाळचा, राहतो कळव्याला, त्याला दिवसाउजेडी घरी पोचायचं असतं, त्यामुळे त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण समोर नाना बसलेले, ते खारेपाटणकडचे, ते उसळलेच, "अरे, गाडी थय उभी ऱ्हवताच मां, मगे थांबो देऊक काय बिघडता?"

मला विचाराल तर सगळा वाद या एका वाक्यात आहे.

आमच्यात एकजण मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होते, रिटायर झाले तरी आम्ही मास्तरच म्हणतो, त्यांनी नीट समजावलं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतची कोकण रेल्वे साधारण ७४० किलोमीटर, सबंध मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला, आणि रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरच्या आसपासचा तुकडा २०२१ मध्ये डबल झाला तेवढा सोडला तर बाकी सगळी सिंगल लाइन, बोगदे पण एकाच रुळापुरते, म्हणजे डबल करायचं तर डोंगर परत फोडायचे. सिंगल लाइनवर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी, समोरून दुसरी येत असेल तर एकीला लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घालून उभी करायची. अंतर जास्त असलं की गाड्या कमी बसतात, म्हणून मधेमधे नवीन स्टेशनं टाकली, इंदापूर, गोरेगाव रोड, सापे वामने, कळंबणी बुद्रुक, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे. "ही स्टेशनं गावासाठी नाही झाली रे, क्रॉसिंगसाठी झाली," मास्तर म्हणाले.

आणि नानांना नेमकं हेच टोचतं. स्टेशन झालं, नावाचा बोर्ड लागला, मेल-एक्स्प्रेस येऊन लूपला उभ्या राहायला लागल्या, पण त्या गाडीचं तिकीट खारेपाटण रोडचं मिळत नाही कारण तो थांबा कागदावर नाही, तो फक्त ऑपरेटिंगचा, समोरची गाडी जाऊ देण्यापुरता. माणसाने वैभववाडी किंवा कणकवलीला उतरायचं आणि रिक्षा करून मागे यायचं. लोकांचा खरा आधार म्हणजे दिवा–सावंतवाडी, जिला सगळे अजून पॅसेंजरच म्हणतात पण नंबर आता एक्स्प्रेसचा आहे, १०१०५.

गाव लहान म्हणून सोडून द्यायचं का? खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट सापडला, इ.स. १००८ चा, त्यात परदेशातून येणाऱ्या जहाजांवरच्या कराचा उल्लेख आहे. नाना हे सांगताना उभेच राहतात. नदीतून गलबतं आत यायची तेव्हा हे नाक्याचं ठिकाण होतं, मग हायवे आला, तोही गावातून गेला, आणि रेल्वेच्या वेळेस मात्र गावाला "रोड" मिळाला, म्हणजे स्टेशन गावापासून लांब. त्याचं कारण मास्तरांनी सांगितलं ते मला पटलं, मार्ग ताशी १६० किलोमीटरच्या वेगाचा विचार करून आखला, चढ १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही, वळणं मोठी, मग डोंगरातून जिथे सरळ आणि सपाट मिळालं तिथे स्टेशनचं यार्ड, गाव कुठे आहे ते नंतर. म्हणून सावंतवाडी रोड मळगावात आणि महाडवाल्याला वीरला उतरावं लागतं.

भाई गप्प बसणारा नाही. म्हणाला, लूपला उभी राहते ती रोज राहते का? आज तिथे, उद्या पुढच्या स्टेशनला, लेट झाली की रेल्वेचा कंट्रोल रूम क्रॉसिंगची जागाच बदलतो. जिथे न थांबता थ्रू जाते तिथे मुद्दाम थांबवली तर दोन मिनिटं फक्त टाइमटेबलमध्ये, ब्रेक आणि परत वेग धरायचा वेळ वेगळा, आणि ही एक लेट झाली की समोरची दोन लेट. पावसाळ्यात तर वेग कमीच असतो, २००३ ला वैभववाडीजवळ आणि २००४ ला करंजाडीजवळ अपघात झाले, पावसाळी वेळापत्रक कशासाठी आहे ते विसरू नका. हे सगळं खरं आहे. मास्तरांनी त्यात भर घातली की गाडी जर प्लॅटफॉर्म नसलेल्या लाइनला घेतली तर म्हातारी माणसं खडीत उतरवणार का?

मग उत्पन्नाचा मुद्दा आला आणि तिथे मी मधे पडलो कारण मला तो हिशेबच मान्य नाही. थांबा मागितला की विचारतात त्या स्टेशनची तिकीटविक्री किती. अहो गाडी थांबत नाही तर तिकीट कुठून विकलं जाणार, गावचा माणूस तिकीट काढतो कणकवलीचं, ते कणकवलीच्या नावावर, आणि ठाण्याहून जाताना काढतो ते ठाण्याच्या नावावर, खारेपाटण रोडच्या खात्यात शून्य आणि त्या शून्यावरून ठरतं की मागणी नाही! वर कोकण रेल्वेवर प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरतात, म्हणजे १०० किलोमीटर गेलं की १४० चे पैसे. इतके जास्त पैसे देणाऱ्या माणसाला त्याच्या स्टेशनला उतरू द्या एवढंच म्हणणं आहे. ही कंपनी उभी राहिली तेव्हा तिच्यात महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के होता, केंद्राच्या ५१ नंतर सगळ्यात मोठा, २०२५ मध्ये राज्याने तिच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला होकार पण दिला, तेव्हा विचारायचा हक्क आपला आहे.

आमची एक मैत्रीण दिव्याला राहते, ती इतका वेळ ऐकत होती, म्हणाली तुम्ही तिकडच्या टोकाचं बोलताय, इकडचं कोण बोलणार. दादर–रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्यापर्यंतच आणली, सावंतवाडीची आधीपासून दिव्याची. म्हणजे दादर-परळचा माणूस बोचकी, पोरं आणि म्हाताऱ्यांना घेऊन लोकलच्या गर्दीतून दिव्याला येणार, आणि छोट्या स्टेशनांना थांबणाऱ्या गाड्या नेमक्या ह्याच. ज्याचं गाव लहान त्यालाच सगळ्यात जास्त चढउतार. यावर भाईकडेही उत्तर नव्हतं.

सुशोभीकरणावरून मात्र सगळे एकमुखाने चिडले. मोठ्या स्टेशनांच्या बाहेर बांधकाम खात्याने कमानी आणि रंगीत दर्शनी भाग केले, दिसतात छान, पण लहान स्टेशनात पावसात उभं राहायला सलग शेड नको का, आणि शेवटच्या गाडीला एसटीची जोड? सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ ला झालं, ते झालं असतं तर गाड्या तिकडून सोडायला जागा झाली असती, हा विषय काढला तर रात्रच जाईल म्हणून मास्तरांनी थांबवलं.

शेवटी तोडगा मास्तरांनीच काढला आणि मला तो सगळ्यात व्यवहारी वाटला. वर्किंग टाइमटेबलमध्ये, म्हणजे रेल्वेच्या स्वतःच्या कामाच्या वेळापत्रकात, ज्या गाडीचं क्रॉसिंग ज्या स्टेशनला ठरलेलंच आहे, त्याच गाडीला तिथे सहा महिन्यांचा प्रायोगिक थांबा मागायचा, सरसकट सगळ्या गाड्यांना नाही, आणि ती प्लॅटफॉर्मच्या लाइनलाच घ्यायची हे लेखी मागायचं. भाईने अट घातली की त्या सहा महिन्यांत गाडी आधीपेक्षा किती लेट झाली तेही जाहीर करा, लेट झाली तर थांबा काढा. नाना म्हणाले चालेल, पण ठाणे-मुंबईहून या स्टेशनसाठी निघालेली तिकिटं पण हिशेबात धरा.

अर्ज मी लिहितोय, दोन्ही अटी घालून. दिव्याच्या गाड्या परत दादरहून सोडा ही मागणी मैत्रिणीच्या सांगण्यावरून वेगळ्या अर्जात जाणार आहे, एकात घातली तर दोन्ही अडकतील असं मास्तर म्हणाले. रविवारी सह्या घेतो, खारेपाटण, कडवई, आचिर्णेकडचं कोणी ठाण्यात असेल तर संध्याकाळी सातनंतर तलावपाळीला या.