सोबतीला कोण गेलं होतं?

गेल्या महिन्यात शिवाजीनगरच्या कोर्टात माझ्या मावशीची साक्ष झाली. तीनदा तारीख पडली, चौथ्यांदा झाली. आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "आरोपी उंच आणि सावळा होता, हे तुम्ही स्वतः पाहिलं की तुम्हाला कोणी सांगितलं?" मावशी खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "समोरच्या काकूही तसंच म्हणाल्या होत्या." एवढ्यावर वकिलांनी प्रश्न थांबवले.

मावशी कोथरूडला एकटी राहते, वय बहात्तर. दीड वर्षापूर्वी पहाटे फिरायला गेली असताना मोटारसायकलवरून दोघे आले आणि मागे बसलेल्याने तिच्या गळ्यातली साखळी ओढली. साखळी गेली, मावशी पडली, उजवं मनगट मोडलं. ती साखळी मावशीच्या यजमानांनी साठीला करून घेतली होती आणि नंतर वर्षभरातच ते गेले. मी तेव्हा लीड्समध्ये होते, आजही आहे. इंग्लंडमध्ये येऊन चौदा वर्षं झाली. त्या सकाळी तिच्यासोबत दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आणि पुढे प्रत्येक तारखेला गेल्या त्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. सख्ख्या भाचीने करायचं ते सगळं त्यांनी केलं. त्यांचं ऋण माझ्याच्याने फिटणार नाही.

ओळखपरेडच्या आधी त्यांनी मावशीला धीर द्यायचा म्हणून सांगितलं, "घाबरू नका, उंच, सावळासा आहे म्हणे, वॉचमनने बघितलाय." एवढंच. त्यात माया होती आणि दुसरं काही नव्हतं. पण मावशीच्या आठवणीत ते वाक्य जाऊन बसलं. आता स्वतः काय पाहिलं आणि काय ऐकलं, हे तिचं तिलाही वेगळं काढता येत नाही. निकाल काय लागायचा तो लागेल. पण त्या रात्री काकू फोनवर रडल्या, "माझ्यामुळे सुटणार का गं तो?" तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

इथे मी आठवड्यातून एक संध्याकाळ गुन्ह्याला बळी पडलेल्या लोकांना मदत करणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून जाते. काम सुरू करण्याआधी आम्हाला शिकवलं गेलं आणि पहिल्याच दिवशी जे सांगितलं ते मला फार विचित्र वाटलं होतं: काय घडलं ते विचारायचं नाही. आपण पुण्याची माणसं, समोरचं माणूस रडताना दिसलं की आधी "काय झालं?" हेच विचारणार. पण कोर्टात साक्ष द्यायची असलेल्या माणसाशी पुराव्याबद्दल बोलायचं नाही. आपल्या तोंडचा एखादा शब्द त्याच्या आठवणीत मिसळला तर उद्या त्याच्याच विरुद्ध वापरला जातो. मग बोलायचं काय? झोप लागते का, घरात कोण आहे, कोर्टात आत गेल्यावर न्यायाधीश कुठे बसतात, पाणी मागता येतं का, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा म्हणता येतं का. साक्षीच्या आधी एकदा रिकामं कोर्ट दाखवायला नेतात. आरोपीच्या नातेवाइकांपासून वेगळ्या खोलीत बसवतात.

मावशी कोर्टाच्या व्हरांड्यात ज्या बाकावर बसली होती, त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला आरोपीची आई बसली होती. मावशीने तिला पाणी दिलं. ते मावशीचं मोठेपण. पण बहात्तर वर्षांच्या बाईवर ती वेळ यायला नको होती.

शिकवण्यातला दुसरा भाग शब्दांचा होता. "पहाटे अंधारात सोनं घालून जायचं कशाला?" असं मावशीला त्या पहिल्या दिवशी निदान सहा जणांनी विचारलं. त्यांतला एक पोलीस ठाण्यातला होता, एक दवाखान्यातला आणि बाकीचे आमचेच नातेवाईक. "जिवावरचं होतं, साखळीवर निभावलं" हेही सगळे म्हणाले. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मावशी मला म्हणाली, "मनगट दोन महिन्यांत बरं झालं. ते सोन्याचं बोलणं अजून दुखतं." नंतर मुद्देमाल परत मिळाला तेव्हा एका सराफाकडून जप्त केलेली सोन्याची लगड तिच्या हातात आली. साखळी वितळवलेली होती. आधीच कोणी सांगितलं असतं की सोनं परत मिळेल पण साखळी मिळेलच असं नाही, तर ती नवा डबा घेऊन आनंदाने गेली नसती. काय घडू शकतं हे आधी आणि खरं खरं सांगणं हीसुद्धा शिकलेल्या माणसाची मदत असते. खोटा दिलासा दिला की तो पुढे दुप्पट फेडावा लागतो.

पुण्यातल्या वादांकडे मी इथून बघते. मे २०२४मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोघांचा जीव गेला. फेब्रुवारी २०२५मध्ये स्वारगेटच्या एसटी आगारात उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. दोन्ही वेळा आमच्या घरच्या ग्रुपवर रात्रभर निरोप येत होते: फाशी द्या, चौकात शिक्षा करा, कॅमेरे वाढवा, सुरक्षारक्षक बदला. तो राग खरा होता, माझाही होता. विधिमंडळाने डिसेंबर २०२१मध्ये महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक मंजूर केलं तेही अशाच रागातून. त्यात शिक्षा कडक होत्या, त्याचा कायदा मात्र झाला नाही. पण या सगळ्या वादात एक प्रश्न मला शोधूनही सापडला नाही. त्या मुलीजवळ आत्ता कोण बसलंय? त्या दोन घरांतल्या आईवडिलांना परराज्यातून पुण्यात आल्यावर शवविच्छेदन, पंचनामा, जामीन हे शब्द कोणी समजावून सांगितले? आरोपीवर आपण महिनोन् महिने बोलतो, आणि जिच्यावर गुन्हा झाला ती आपल्या बोलण्यातून चौथ्या दिवशी नाहीशी होते.

स्वारगेटच्या वेळी तर "ती ओरडली का नाही?" हा प्रश्न जबाबदार पदावरच्या माणसांच्या बोलण्यातही आला. मला याचा फार संताप आला. भीतीने माणसाचं शरीर गोठतं, हात हलत नाहीत, आवाज फुटत नाही, हे इथे आम्हाला प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं. ते ऐकताना माझ्या मनात आलं की हे तर माझ्या आजीलाही माहीत होतं. वाचा बसली, दातखिळी बसली, पाय जमिनीला खिळले, हे शब्द मराठीत कुठून आले? अंधारात साप दिसला तर वाचा बसते हे आपण मान्य करतो, आणि बंद बसमध्ये पुरुषाने दार अडवलं की बाईने ओरडायलाच हवं होतं म्हणतो.

परदेशात सगळं छान आहे असं सांगायला मी बसलेले नाही. इंग्लंडमध्ये या कामाची सुरुवात ब्रिस्टलला १९७४ साली झाली. गुन्हेगारांच्या पुनर्वसनात असलेल्या काही लोकांच्या लक्षात आलं की ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांची विचारपूस कोणीच करत नाही. त्यातून आज देशभर पसरलेली व्यवस्था उभी राहिली. घरातल्या हिंसाचाराच्या प्रकरणांत बाईच्या जिवाला किती धोका आहे हे ताडायला चोवीस प्रश्नांची ठरलेली यादी आहे, आणि ती कशी विचारायची हे शिकलेली, पगारी सल्लागार असते. पण आज गंभीर गुन्हे चालवणाऱ्या क्राउन कोर्टांत सत्तर हजारांहून जास्त खटले तुंबलेत. साक्षीला तयार केलेली बाई दोन-दोन वर्षं थांबते आणि शेवटी "नको मला हे" म्हणून निघून जाते. आमच्या गटातल्या दोन चांगल्या सल्लागार याच कारणाने थकून काम सोडून गेल्या. अमेरिकेत १९८४च्या कायद्याने एक निधी केला. केंद्रीय गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांच्या दंडातून तो भरतो, करदात्याच्या पैशातून नाही. त्यातून भरपाई मिळते आणि मदत करणाऱ्यांना प्रशिक्षणही दिलं जातं. गेल्या काही वर्षांत दंडाची रक्कम आटली तशी मदतही आटली. म्हणजे पैसा कुठून येणार हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही.

आणि हे काम पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवायला हवं असंही नाही. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष १९८४ सालीच उघडला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या इमारतीत, पोलिसांच्या शेजारच्या टेबलाशी बसेल, ही कल्पना आपल्या राज्याची आहे आणि आज ती महाराष्ट्रभर पोहोचली आहे. पुण्यात नारी समता मंचाच्या बायकांनी 'बोलते व्हा' म्हणत घरातल्या मारहाणीबद्दल ऐकून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा समुपदेशन हा शब्दही फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. मंच उभा करणाऱ्या विद्या बाळ यांच्यासारख्या माणसांनी ऐकण्याला काम मानलं. कर्वे समाजसेवा संस्था १९६३पासून याच शहरात समाजकार्य शिकवते आहे.

कागदावर तर आपण बरेच पुढे आहोत. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात मुलासोबत तपासापासून निकालापर्यंत राहणारी सहायक व्यक्ती पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या २०२०च्या नियमांत आहे. १८ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिची गरज आहे की नाही हे पालकांच्या मर्जीवर सोडू नका आणि तिला तिच्या शिक्षणाला आणि अनुभवाला साजेसा मोबदला द्या. ११ जानेवारी २०२२च्या आदेशात याच न्यायालयाने मुलं, अत्याचारपीडित अशा असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं उभारायला सांगितलं, आणि तो खटला महाराष्ट्रातलाच होता. १ जुलै २०२४पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत पोलिसांनी फिर्यादीला कळवायचं आहे. मावशीला कोणी कळवलं नाही. तिलाही माहीत नव्हतं, काकूंनाही नव्हतं, म्हणून कोणी विचारलंही नाही.

मला अडचण इथे दिसते. आपल्याकडे सोबतीला जाणाऱ्या माणसांचा तुटवडा नाही. शेजारी जातो, कामवाल्या मावशी जातात, शाळेतल्या बाई जातात, ससूनमधला समाजसेवा अधीक्षक वेळात वेळ काढतो. पोलिसांचा भरोसा सेल आणि सरकारी सखी केंद्र अशा बायकांच्या मदतीच्या ठिकाणच्या मुली रात्री-अपरात्री फोन उचलतात, त्यांतल्या कितीतरी कंत्राटावर असतात आणि पुढच्या वर्षी नोकरी राहील का हे त्यांना ठाऊक नसतं. पण सोबत ही मनाच्या चांगुलपणाची गोष्ट आहे, ती काय शिकायची, असं आपण धरून चाललो आहोत. बाळंतपणाला सुईणीचं मन चांगलं असून भागत नव्हतं, तिला हात माहीत असावा लागे. हेही तसंच आहे.

पुण्यात हे करणं अवघड नाही असं मला मनापासून वाटतं. मोफत कायदेशीर मदत देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगरच्या कोर्टात आहे, २००९पासून विधी स्वयंसेवकांची योजना आहे, शिकवणारी कर्वे संस्था कर्वेनगरला आहे. या तिघांनी मिळून वर्षातून चार वेळा सहा शनिवारांचा वर्ग घ्यावा, साध्या मराठीत. सोसायटीतल्या काकूंसाठी, शाळेतल्या शिक्षकांसाठी, गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी. फिर्याद म्हणजे काय, तिची प्रत फुकट मिळते, ओळखपरेडला आत काय होतं, आरोपीविषयी साक्षीदाराशी काय बोलायचं नाही, अत्याचारपीडितांना सरकारी अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज कोणासाठी आणि कुठे, विधी सेवेच्या १५१०० वर फोन केला तर कोण उचलतं. आणि जे पगारी काम करतात त्यांची नोकरी कायम करावी, कारण दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाला कोणी आपलं दुःख दुसऱ्यांदा सांगत नाही.

आणखी एक. इथे दर महिन्याला आमची एक अनुभवी बाई आम्हा प्रत्येकाशी तासभर बोलते. आमच्या अशिलांबद्दल कमी, आमच्याबद्दल जास्त. झोप लागते का, घरी चिडचिड होते का, कुठली गोष्ट डोक्यातून जात नाही. सुरुवातीला मला हे फाजील लाड वाटले. मग एका प्रकरणानंतर मी तीन आठवडे माझ्या मुलीला एकटीला बसने जाऊ दिलं नाही आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या अनुभवी बाईनेच दाखवून दिलं.

म्हणून साक्षीनंतरच्या रविवारी मी फोन मावशीला केला नाही, काकूंना केला. मावशी कशी आहे हे विचारलंच नाही. "तुम्ही कशा आहात?" विचारलं. त्या आधी "मला काय झालंय" म्हणाल्या. मग थोड्या वेळाने सांगायला लागल्या. गेलं दीड वर्ष त्या घराबाहेर पडताना मंगळसूत्र काढून कपाटात ठेवतात आणि नुसती काळी पोत घालतात. मागून मोटारसायकलचा आवाज आला की भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात. हे त्यांनी काकांनाही सांगितलेलं नाही. चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या.