सांध्यांतलं वंगण खरंच संपतं का?

‘सांध्यांतलं वंगण जन्मापासून ठरलेलं असतं. चालून, जिने चढून, बोटं मोडून ते संपतं आणि हाडावर हाड घासतं. चाळिशीनंतर गुडघ्यांना आराम द्या, स्निग्ध पदार्थ वाढवा.’ हा संदेश सगळीकडे फिरतोय. माझ्या आईने तो वाचून संध्याकाळचं फिरणं बंद केलं, म्हणून लिहायला बसले.

आधी वंगणाचं बघू. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. ते हा द्रव आयुष्यभर तयार करत राहतं आणि जुना द्रव शोषला जातो. निरोगी गुडघ्यात तो चहाचा एक चमचाभरसुद्धा नसतो, पण तेवढा पुरतो. उलट गुडघा दुखावला की तो वाढतो. ‘गुडघ्यात पाणी झालंय’ म्हणतात, ते हेच पाणी. म्हणजे दुखणारा गुडघा कोरडा पडलेला असतो, हे गृहीतकच चुकीचं.

चालून झीज होते, हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कुर्चा असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते याच द्रवातून. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, तिच्यातलं पाणी बाहेर येतं. पाऊल उचललं की स्पंजसारखी ती द्रव परत ओढून घेते. चालणं बंद केलं तर तिचं जेवणच कमी होतं. हाडांनाही भार लागतो. अंतराळात भार नसतो, तिथे अंतराळवीरांच्या कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला साधारण 1 टक्क्याने घटते. गुडघ्याच्या झिजेमागे वय, जुनी दुखापत, जास्त वजन आणि आनुवंशिकता ही मोठी कारणं आहेत. हौसेने धावणाऱ्यांमध्येसुद्धा ती न धावणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलेली नाही.

आता बोटं. एक बोट ओढून मोडून बघा. ‘कट्’ आवाज आला की लगेच पुन्हा ओढा, येणार नाही. सांधा ताणला की आतला दाब घटतो आणि द्रवात विरघळलेल्या वायूची पोकळी तयार होते, आवाज तिचा. तो वायू पुन्हा विरघळायला साधारण 20 मिनिटं लागतात. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांनी 50 वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. संधिवात कुठल्याच हाताला झाला नाही, हे त्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलं. एका माणसाचा प्रयोग तो, पण इतरांनी केलेल्या पाहण्यांतही बोटं मोडण्याचा संधिवाताशी संबंध दिसलेला नाही.

स्निग्ध पदार्थांबद्दल एवढंच, की ते आतड्यात पचतात, गुडघ्यात उतरत नाहीत. सांध्यातल्या द्रवाचा बुळबुळीतपणा तेलाचा नसतोच.

जिना चढताना आईच्या गुडघ्यावर तळहात ठेवला तर खरखर जाणवते. दुखत नाही, सूजही नाही, म्हणून ती खरखर आम्ही सोडून दिली. गुडघा सुजला, गरम लागला, मध्येच अडकला किंवा भार घेईनासा झाला, तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं.