कंपनी म्हणजे मीच की, मालक

कराडात आमची ३ गुंठे जागा आहे. तिच्यावर आजोबांच्या काळापासून पत्र्याचं दुकान, मागं चिंचेचं झाड आणि झाडाखाली अण्णांची खुर्ची. हे पाडून खाली चार गाळे आणि वर क्लासला भाड्यानं द्यायला हॉल काढायचा, हे आमच्या घरात दरवर्षी गणपतीत ठरायचं आणि दिवाळीत मोडायचं. एका वर्षी मात्र कसं कुणास ठाऊक, दिवाळीनंतरही ठरलेलंच राहिलं.

अण्णा म्हणाले, "तात्याला देऊन टाक काम." तात्या म्हणजे आमच्या भागातले जुने मुकादम, अर्ध्या गल्लीची घरं त्यांच्या हातची, सगळा हिशोब तंबाखूच्या पुडीच्या कागदावर. आमचं न्हाणीघर त्यांनीच बांधलं होतं, त्याचं पाणी मोरीकडं न जाता स्वयंपाकघराकडं जायचं, विचारलं तर म्हणायचे "काम नवीन हाय, बसलं की जाईल". ते बसलं नाही, आम्हीच उंबऱ्यापाशी पोतं टाकून बसलो. म्हणून मी म्हटलं, हे कमर्शियल काम आहे अण्णा, इथं प्रोफेशनल लोक पाहिजेत, बीओक्यू पाहिजे, म्हणजे कामाची आणि मालाची मापासकट यादी, शेड्यूल पाहिजे. अण्णा काही बोलले नाहीत, खुर्ची तेवढी सावलीत सरकवून घेतली.

मग मी कंपनी शोधली. ऑफिसात एसी, काचेचं टेबल, आणि गेल्या गेल्या मोठ्या टीव्हीवर आमच्या बिल्डिंगचा थ्रीडी व्ह्यू. काय सांगू, डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. आमच्या तीन गुंठ्यांपुढं लांबलचक लाल गाडी उभी, हिरवळ, दोन गोऱ्या बायका पिशव्या घेऊन चाललेल्या, आणि आकाशात पक्षी. नीट बघितलं तर समोरची एमएसईबीची डीपी गायब, तिच्या खालची वडापावची गाडी गायब, आणि शेजाऱ्यांची म्हैससुद्धा. मी म्हटलं डीपी कुठाय, तर ते म्हणाले, "सर, ते कन्सेप्च्युअल आहे." मला हा शब्द फार आवडला. पुढं दीड वर्ष त्यांचं बरंचसं काम कन्सेप्च्युअलच होतं.

कोटेशन २३ पानांचं. मी प्रत्येक पानावर सही केली, वाचलं मात्र पहिलं आणि शेवटचंच (शेवटच्या पानावर रक्कम होती, ती दोनदा वाचली, आणि तिच्याखाली अधिक जीएसटी १८ टक्के). मधल्या कुठल्यातरी पानावर 'पाणी व वीज मालकाकडून' आणि 'खडक लागल्यास जादा दर' अशी दोन बारीक वाक्यं होती. पुढचं सगळं महाभारत या दोन वाक्यांत होतं.

भूमिपूजनाला अख्खी कंपनी आली, इस्त्रीचे शर्ट, पांढरी हेल्मेटं, एक ड्रोनसुद्धा. ड्रोन बघून शेजाऱ्यांची म्हैस दावं तोडून पळाली, तिला धरायला भटजींसकट निम्मे लोक गेले, फोटोत नारळ फोडायला मी एकटाच दिसतोय.

सोमवारी सकाळी लाइनआउट, म्हणजे पायाची जागा जमिनीवर आखायचं काम होतं म्हणून आठ वाजता जाऊन बघतो तर प्लॉटवर एक माणूस पाठमोरा उकिडवा बसून चुन्याची फक्की मारतोय. वळला. तात्या.

म्हटलं, "तात्या, तुम्ही इथं?"

"मग कोण? काम आमच्याकडंच हाय न्हवं."

"अहो पण काम कंपनीला दिलंय."

"कंपनी म्हणजे मीच की, मालक." आणि मग जरा जवळ येऊन, हळू आवाजात, "थेट माझ्याकडं आला असता तर शंभर रुपयं फुटामागं कमी केलं असतं."

घरी येऊन सांगितलं तर अण्णा म्हणाले, "म्हणजे दिलंसच शेवटी तात्याला." त्या आठवड्यात त्यांना जेवण फार गोड लागत होतं.

आता खडकाचं. आमच्या भागात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याच्या खाली काळा पत्थर, हे शाळकरी पोरालाही माहिताय. पण मऊ मुरमाचा दर वेगळा, कठीण मुरमाचा वेगळा आणि खडकाचा तर सोन्याच्या भावानं, म्हणून मुरूम नक्की कुठं संपतो आणि खडक कुठं सुरू होतो यावर पाच फुटी खड्ड्यात उभं राहून आमची तीन दिवस परिषद चालली. कंपनीचा साइट इंजिनिअर म्हणजे नुकताच पास झालेलं पोरगं, ते बुटाच्या टोकानं दगडाला मारायचं आणि वहीत लिहायचं. मी म्हटलं असं नाही, टिकावानं निघतं तो मुरूम, ब्रेकर लागतो तो खडक. शेवटी निवाडा तात्यांकडं गेला. तात्यांनी पहार उचलली, इंजिनिअरकडं बघत मारली, ठण्ण. मी म्हटलं परत मारा. माझ्याकडं बघत मारली, खस्स. त्याच जागी, त्याच पहारीनं! पुढच्या बिलात निम्मा ठण्ण आणि निम्मा खस्स लागला, आणि ब्रेकरचे तास वेगळे.

स्लॅब मे महिन्यात ओतला, म्हणजे वळीव येणार हे ठरलेलंच. ढग भरून आले तसे तात्या वरनं ओरडले "ताडपत्री!", खालून इंजिनिअर म्हणाला "ताडपत्री आपल्या स्कोपमध्ये नाही", आणि मी लग्नाच्या मांडववाल्याकडं पळालो. आमच्या स्लॅबवर पहिली रात्र लाल-पिवळ्या झालरीचा मांडव होता.

दुसऱ्या दिवसापासून क्युअरिंग, म्हणजे स्लॅबला पाणी मारत राहणं. पाणी मालकाकडून, म्हणजे पाणी माझं, हे मला समजलं होतं. पण ते मारायचंही मीच, हे नव्हतं समजलं. इंजिनिअरनं सांगितलं, सर काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं, आणि आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं आपल्या पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस तरी ओलावा पाहिजे. म्हणून रोज पहाटे पाचला मी लुंगी गुंडाळून, पाइप खांद्यावर टाकून स्लॅबवर. वर सिमेंटच्या मालाची आळी करून त्यात पाणी साठवलेलं, त्यात कबुतरं अंघोळ करायची, मी बाजूनं चालायचो. बायको म्हणाली, "वीस वर्षांत मला कधी एवढं पाणी विचारलं नाहीत."

त्याच सुमारास क्यूबचं प्रकरण झालं. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे सहा ठोकळे भरतात, पाण्यात ठेवतात आणि तीन ७ दिवसांनी, तीन २८ दिवसांनी दाबून फोडतात, काँक्रीटची ताकद बघायला. मी रोज मोजायचो कारण माझ्या हातात मोजण्यासारखं तेवढंच होतं. पाण्याच्या टाकीत चारच. शोधत गेलो तर दोन ठोकळे कामगारांच्या चुलीला लावलेले, वर भाताचं पातेलं. रिपोर्ट मात्र सहाही ठोकळ्यांचा व्यवस्थित आला, आणि त्यातले दोन जरा जास्तच मजबूत निघाले. भाजल्यामुळं असेल.

बाकी विटा, गिलावा, फरशी, शटर, हे सगळं 'पुढच्या सोमवारी' या एकाच दिवशी झालं. तो सोमवार यायला आठ महिने लागले.

बिल्डिंग उभी राहिली, आणि खोटं कशाला बोलू, छान झालीय. डीपी समोरच आहे, वडापाववाला आता आमच्या पायऱ्यांवर गिऱ्हाइकं बसवतो, म्हैस चौथ्या गाळ्याच्या सावलीत बसते. हॉलच्या संडासाचं पाणी थोडं जिन्याकडं येतं. मी तात्यांकडं नुसतं बघितलं, तेच म्हणाले, "बसलं की..." आणि गप्प झाले.

राहिली मागची कंपाउंडची भिंत. या खेपेला मी शहाणा झालो होतो. कंपनीला काही बोललो नाही, बीओक्यू नाही, सह्या नाहीत, सरळ तात्यांना फोन लावला, म्हटलं चाळीस फूट भिंत आहे, थेट तुम्हालाच देतो, काय तो फुटाचा दर सांगा.

तात्या दोन दिवसांनी आले. पायात बूट. खिशातनं व्हिजिटिंग कार्ड काढून त्यांनी अण्णांच्या हातात ठेवलं, त्यावर कंपनीचं नाव आणि खाली 'भागीदार'. चिंचेखाली उभं राहून भिंतीची जागा नुसती नजरेनं मोजली, टेप काढलाच नाही.

"हे बघा मालक," म्हणाले, "तोंडी व्यवहार आता आपण बंद केलेत. कोटेशन ऑफिसमधून येईल. अधिक जीएसटी."