सुपारी, नारळ आणि मधला मी

भारतीय करार कायदा 1872 साली झाला. त्याच्या कलम 182 मध्ये एजंटाची व्याख्या आहे: दुसऱ्यासाठी काम करायला, किंवा तिसऱ्याशी व्यवहार करताना त्या दुसऱ्याच्या वतीने उभे राहायला नेमलेला माणूस. कायदा इथेच थांबला असता तर बरे झाले असते. परंतु कलम 185 म्हणते की एजन्सी निर्माण होण्यासाठी मोबदल्याची आवश्यकता नाही. आमच्या सिंधुदुर्गातल्या उत्सव समित्यांनी कायद्याचे पुस्तक कधी उघडलेले नसेल, पण हे कलम मात्र त्यांना मुखोद्गत आहे.

मी दशावतारी कलावंत, भजनी बुवा आणि अधूनमधून एखादा कबड्डीपटू यांच्या तारखा ठरवतो. कार्यक्रम पक्का झाल्यावर जी आगाऊ रक्कम घ्यायची, तिला आमच्याकडे सुपारी म्हणतात. माझे लग्न जुळवताना मध्यस्थाने ‘मुलगा सुपाऱ्या घेतो’ असे सांगितले, तेव्हा वेंगुर्ल्याच्या भावी सासऱ्यांनी, ज्यांची स्वतःची पोफळीची बाग होती, मोठ्या आपुलकीने ‘ओली की सुकी?’ असे विचारले होते. मी ‘रोख’ असे उत्तर दिले, आणि त्या दिवशी त्यांच्या मनात माझ्याविषयी जो संशय शिरला तो अद्याप बाहेर पडलेला नाही.

दशावताराला लिखित संहिता नसते. संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचतात. कराराच्या अटीही कलावंतांना त्याच पद्धतीने सुचतात. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, ती देवीच्या कौलाने ठरते, म्हणून डायरीतली ती पाने मी पेन्सिलीने भरतो. कबड्डीचे म्हणाल, तर 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून प्रत्येक खेळाडूचे वडील मला ‘आमच्या झिलाचो लिलाव कधी?’ असे विचारतात, आणि तेही बंदरावर सुरमईच्या टोपलीपाशी उभे राहिल्यासारखे.

खरी परीक्षा मात्र डबलबारीची. दोन बुवा समोरासमोर बसून भजनांतून एकमेकांना प्रश्न टाकतात, उत्तरे देतात, चिमटे काढतात. पैशाची बोलणी पाच मिनिटांत होतात; मानाच्या बोलण्यांना तीन दिवस लागतात. गेल्या मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असताना एका वाडीतल्या सत्यनारायणाच्या पूजेनिमित्त मी अशी बारी ठरवली. पहिली बारी कोणाची, हा प्रश्न चिठ्ठी टाकून सुटला. बॅनरचा सुटला नाही.

“समोरच्या बुवाचो फोटो म्हशीयेवढो आणि माजो रेडकायेवढो कित्याक?” पहिल्या बुवांनी फोनवरच विचारले. मी पट्टी घेऊन दोन्ही फोटो मोजले. ते सारखेच होते. फक्त दुसऱ्या बुवांनी फेटा बांधला होता. फेट्याची उंची मानात धरायची की नाही, यावर एक संध्याकाळ गेली. त्यानंतर कोणाचे नाव आधी, हा वाद निघाला आणि मी, अतिशय हुशारीने, दोन बॅनर छापले. कणकवलीच्या बाजूने येणाऱ्या बुवांना स्वतःचे नाव आधी दिसावे आणि कुडाळच्या बाजूने येणाऱ्यांना स्वतःचे, अशी ती योजना होती.

योजनेत मी मुंबई-गोवा महामार्ग विचारात घेतला नव्हता. काम चालू असल्याने वाहतूक वळवलेली होती आणि कणकवलीच्या बुवांची गाडी गावाला वळसा घालून कुडाळच्या बाजूने आली. बुवांनी बॅनर वाचला, काच वर केली आणि पेटीवाल्यासह गाडीतच बसून राहिले. पावणेआठ वाजले होते. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, हे सांगायला पोलीस पाटील माझ्या शेजारी येऊन उभे होते. मी काचेबाहेरून शाल दाखवली, नारळ दाखवला. शेवटी यजमानांच्या आजींनी जाऊन ‘बुवानू, चाय थंड होता’ एवढेच म्हटले, तेव्हा दार उघडले.

बुवांनी मंचावर बसताच त्या बॅनरवरच गजर रचला. त्यात दोन तोंडांचा एजंट होता, दोन दिशांचे नाव होते आणि टाळ्या इतक्या होत्या की प्रतिस्पर्धी बुवांनीही उत्तरात बॅनर सोडून मलाच धरले. एकमेकांशी हाडवैर असलेल्या दोन कलावंतांचे माझ्याविषयी संपूर्ण एकमत झालेले मी पहिल्या रांगेत बसून ऐकले. दहाला दोन मिनिटे असताना भैरवी झाली.

समिती खूश होती. अध्यक्षांनी पुढच्या वर्षीही हीच बारी ठेवण्याचे जाहीर केले, दोन्ही बुवांचे नंबर माझ्यासमोरच आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतले, मला मंचावर बोलावले आणि श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. माझ्या टक्केवारीचा विषय निघाला तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती.

पहाटे घरी पोहोचून मी तो नारळ ओट्यावर ठेवला. बायकोने सगळी हकीकत ऐकून घेतली, नारळ कानाशी धरून हलवून पाहिला आणि विचारले, “ह्यो मानाचो, की कायमचो?”