तू कर काम, मी थांबतो ना

परवा दुपारी साडेतीनला साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला की कृपया स्वयंपाकघरातल्या वस्तू ऑफिसमध्ये आणू नयेत, हे कामाचं ठिकाण आहे. नाव कोणाचंच नव्हतं. पण अख्ख्या मजल्यावर टेबलावर स्वयंपाकघरातलं टायमर मांडून बसलेला माणूस मी एकटाच, त्यामुळे नाव टाकायची गरजही नव्हती. दहा मिनिटांत त्या मेसेजवर चौदा अंगठे. चौदा! पगाराच्या मेसेजला एवढे येत नाहीत.

आता हे खूळ माझ्या डोक्यात घातलं कोणी? साहेबांनीच. एप्रिलमध्ये बाहेरून एक ट्रेनर बोलावला होता, कामाचा वेग कसा वाढवायचा ते सांगायला. त्यासाठी आमचे तीन तास गेले, वर अर्धा तास प्रोजेक्टर सुरू होत नव्हता म्हणून. तर त्यात पोमोडोरो नावाचा प्रकार होता. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या एका इटालियन पोरानं १९८० च्या दशकाच्या शेवटी, कॉलेजात असताना, अभ्यासात लक्ष लागेना म्हणून स्वयंपाकघरातलं टमाटराच्या आकाराचं टायमर घेतलं नि त्यावर वेळ लावून बसला. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टमाटरच. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं सुट्टी, असे चार फेरे झाले की मोठी सुट्टी. बस. एवढंच. मला पटलं बुवा, कारण फोनवर टायमर लावायला गेलं की आपण टायमर लावून फोन खाली ठेवत नाही, मधे कोणाच्या तरी साल्याच्या लग्नाचे फोटो पाहून वीस मिनिटांनी ठेवतो.

म्हणून आमच्या नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदाराला म्हटलं टमाटरवालं टायमर आहे का. तो म्हणाला, "टमाटर पाहिजे त कॉटन मार्केटले जा ना भाऊ." शेवटी अंड्याच्या आकाराचं मिळालं, पांढरं, पिळलं की टिकटिक करते आणि शेवटी असं किंचाळते की जणू कोंबडीच आत आहे.

आणि खरं सांगतो, चाललं. पहिल्या दिवशी फोन ड्रॉवरमध्ये, मेल बंद, सकाळी आल्या आल्या सगळ्यात नावडतं काम, म्हणजे थकबाकीची यादी, जी मी दोन आठवडे उद्यावर ढकलत होतो, ती तीन फेऱ्यांत संपली. मलाच विश्वास बसेना. मी पुन्हा तपासली, तरी संपलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी अकाउंट्समधले काका आले.

काकांच्या रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय आणि आता ते कोणालाच घाबरत नाहीत. त्यात माझं टेबल कूलरच्या तोंडासमोर. मे महिना, बाहेर पंचेचाळीस, आत कूलरच्या ताट्यांचा तो ओल्या गवताचा वास, अशा वेळी माझ्या टेबलाशी कोणाला ना कोणाला काम असतंच. मी अंडं नुकतंच पिळलं होतं. पाटी पण लावली होती, "२५ मिनिटं, प्लीज".

"काऊन बे, हे काय होऊन राह्यलं?"

म्हटलं, काका, पंचवीस मिनिटं मी कोणाशी बोलत नाही, काम करतो, मग पाच मिनिटं मोकळा. तुमचं काय काम आहे?

"माह्यं दोन मिनिटाचं काम हाये. पण तू कर ना. मी थांबतो."

आणि थांबले! माझी अपेक्षा होती की जाऊन नंतर येतील. ते कूलर आणि मी यांच्या बरोब्बर मधे उभे राहिले, सदरा फुगला, आणि माझ्याकडे यायची ती सगळी हवा काकांनी घेतली. मग खिशातून खर्र्याची पन्नी काढली. ज्यांनी नागपूरच्या माणसाला खर्रा घोटताना पाहिलं नाही त्यांना सांगतो, ते साधं मळणं नसतं. पन्नी तळहातावर धरायची, अंगठ्यानं सुपारी-तंबाखू-चुना असा रगडायचा, खर्र, खर्र, खर्र, थांबून वास घ्यायचा, समाधान नाही झालं तर पुन्हा. इकडे अंडं टिकटिक, तिकडे पन्नी खर्रखर्र, आणि मी एकाच सेलमध्ये तीनदा तोच आकडा टाकतोय.

"किती राह्यले?"

एकोणीस, काका.

"कर, कर. मी काही बोलून नाही राह्यलो."

थोड्या वेळानं वाकून स्क्रीन पाहिली. "थे सातवी लाइन चुकली तुह्यी." चुकली होतीच. मग एकटेच म्हणाले, "आमच्या वेळी टायमर नव्हतं बाप्पा, आमच्या वेळी लाइन जायची. लाइन गेली की सुट्टी, आली की काम." याला काही उत्तर आहे का? त्या इटालियन पोराच्या आधीच आमच्या वीजमंडळानं ही पद्धत शोधली होती म्हणायची.

एक सांगतो, हा दोन मिनिटांचा प्रकार पण त्या ट्रेनरनंच पसरवला. दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरकून टाका, यादीत लिहीत बसू नका. सल्ला चांगलाय. पण आपल्याकडे कोणाचंही कोणतंही काम दोन मिनिटांचंच असतं ना. "दोन मिनिटं येतो का?" म्हणून बोलावलेल्या मीटिंगमधून मी जेवणाच्या सुट्टीनंतर बाहेर आलोय. आणि तो आयझेनहॉवर नावाच्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षाच्या नावाचा चार खणांचा तक्ता, महत्त्वाचं एकीकडे, तातडीचं दुसरीकडे. आमच्या साहेबांचं सगळंच पहिल्या खणात, महत्त्वाचं पण आणि तातडीचं पण, बाकी तीन खण रिकामे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला "अर्जंट" म्हणून मागितलेली फाइल सोमवारी दुपारपर्यंत त्यांनी उघडलेली नसते, मेल न वाचलेली दिसते ना मला. माझा वेळ माझा असता तर अंडं लागलंच नसतं. पण वेळ दुसऱ्यांनी खायचा आणि तो वाचवायचं ट्रेनिंग मात्र मला, हे काही केल्या डोक्यात बसत नाही. असो.

अंडं किंचाळलं. काका दचकले, अर्धा खर्रा माझ्या कीबोर्डवर. फुंकून काढला, ए आणि एस च्या मधला अजून आहे.

"हां, बोला काका."

"काही नाही बे. व्हाट्सअपवर ते अंगठा देतेत ना लोकं, थे कसं देतेत? माह्या नातीचा फोटो येते, मी आपलं दरवेळी 'छान' टाइप करत बसतो."

यासाठी पंचवीस मिनिटं! मी त्यांचा फोन घेतला, मेसेजवर बोट दाबून धरायचं, वर चित्रं येतात, अंगठा निवडायचा. त्यांचा पहिल्यांदा बदाम पडला. मग बदाम बदलून अंगठा कसा करायचा ते दाखवलं. चारदा करून घेतलं. माझी पाच मिनिटांची सुट्टी त्यातच गेली आणि मी दमून खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले, तेवढ्यात साहेब आले. त्यांना दिसलं काय, तर काका फाइल काखेत घेऊन उभे आणि मी झोपलेला, समोर अंडं.

साहेब काही बोलले नाहीत. नुसतं अंड्याकडे पाहिलं नि केबिनमध्ये गेले, आणि साडेतीनला तो मेसेज.

चौदा अंगठ्यांवर बोट ठेवून मी नावं पाहिली. आपण मोठे झालो तरी हे पाहतोच. सगळ्यात पहिला काकांचा. मेसेज पडून मिनिटही झालं नसेल. आणि शेजारच्या टेबलवाला सांगत होता की आधी त्यांचा बदाम पडला होता, मग त्यांनी तो बदलून अंगठा केला.