प्रतिक्रियेला उत्तर : आकडे हिरवे, तरी गाडी डावीकडे का ओढते?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की ‘गाडी ओढत असेल तर आधी टायर तपासा, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) नंतर’ हा माझ्या लेखातला क्रम उलटा आहे. पुढचे टायर अदलाबदल करून बघणं तुम्हाला अंदाजपंचे वाटतं. आणि ब्रेक न दाबताही गाडी डावीकडे जाते, मग ब्रेक तपासायचा कशाला, असंही तुम्ही विचारलंय. दोनदा अलाइनमेंट झालं, दुसऱ्या वेळी टो (वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळण्याचं माप) बदलला, मशीनचा प्रिंटआउट पूर्ण हिरवा आहे आणि गाडी अजून ओढतेच आहे, हेही तुम्हीच लिहिलंय. ही शेवटची माहिती तर माझ्याच बाजूने बोलते.

टोपासून सुरुवात करतो, कारण गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त दोष त्याच्यावर टाकला जातो. पुढची दोन्ही चाकं टायरॉड नावाच्या दांड्यांनी स्टिअरिंगच्या एकाच रॅकला जोडलेली असतात. गाडी चालू लागली की टोमधला फरक दोन्ही चाकं आपसात अर्धा-अर्धा वाटून घेतात. त्यामुळे पुढचा टो चुकला तर स्टिअरिंग वाकडं राहतं आणि टायर करवतीच्या दात्यांसारखे झिजतात, पण गाडी सहसा ओढत नाही. मागच्या चाकांचा टो असमान असेल तरी स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं. स्टिअरिंग तिरकं असूनही गाडी सरळ जाते, हा एक दोष. स्टिअरिंगवरचा जोर सैल केला की गाडी बाजूला जाते, हा दुसरा. तुमच्या वर्णनावरून तुमचा दुसरा आहे. टो बदलून तो गेला नाही यात नवल नाही.

आता हिरव्या रंगाबद्दल. मशीन प्रत्येक चाकाचा आकडा कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहे का, एवढं पाहून रंग देतं. समजा कॅम्बरची (समोरून पाहिल्यावर चाक कलण्याचा कोन; वरचं टोक बाहेर झुकलं तर अधिक, आत झुकलं तर उणे) मर्यादा उणे ०.५ अंश, अधिक-उणे ०.७५ अशी आहे. डावं चाक अधिक ०.२ आणि उजवं उणे १.० असेल, तर दोन्ही हिरवेच दिसतील. पण दोन्हींतला फरक १.२ अंश झाला, आणि गाडी जास्त अधिक कॅम्बरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, ओढणार. कॅस्टरचं (चाक ज्या आसाभोवती वळतं, तो बाजूने पाहिल्यावर मागे झुकण्याचा कोन) उलट आहे : ज्या बाजूला कॅस्टर कमी, त्या बाजूला ओढ. दोन्हींत डाव्या-उजव्यातला फरक साधारण अर्ध्या अंशाच्या आत असावा. दोन फरक एकाच बाजूला ओढणारे असले तर त्यांची बेरीज होते, विरुद्ध असले तर एकमेकांना झाकतात. कॅस्टर मोजायला टर्न प्लेटवर (फिरत्या ताटलीवर) चाकं दोन्हीकडे वळवावी लागतात. घाईत ही पायरी गाळली जाते, तेव्हा प्रिंटआउटवर कॅस्टरची जागा रिकामी आहे का ते आधी पाहा. आणि पुष्कळशा गाड्यांत पुढचा कॅम्बर-कॅस्टर कंपनीने बदलता येण्याजोगा ठेवलेलाच नसतो. तिथे आकडा चुकला असेल, तर चाक धरून ठेवणाऱ्या भागांपैकी लोअर आर्म, नकल किंवा स्ट्रट वाकलाय, किंवा सबफ्रेम (पुढची आधाराची चौकट) सरकलीय. टो कितीही फिरवला तरी हे सरळ होणार नाही.

टायर अदलाबदल अंदाज नाही, चाचणी आहे. टायरच्या आतला पट्टा किंचित एका बाजूला बसला की त्याचा एक खांदा जास्त कडक होतो. मग आडवा ठेवलेला कागदी पेला ढकलल्यावर जसा वळतो, तसा तो टायर फिरता फिरता बाजूला सरकतो. नवा टायरही असा निघू शकतो. बॅलन्सिंगने हा दोष जात नाही आणि अलाइनमेंट मशीनला तो दिसत नाही. आधी थंड टायरमध्ये एकाच गेजने हवा समान करा. चार-पाच पीएसआयचा फरकसुद्धा ओढ देऊ शकतो, कमी हवेच्या बाजूला. मग पुढची दोन चाकं आपसात बदला आणि सपाट, वारा नसलेल्या रस्त्यावर साधारण ५० ते ६० किमी वेगाने चालवा, हात हलके पण स्टिअरिंगवरच. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर पुढच्या टायरांना सोडून द्या. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर डाव्या-उजव्याऐवजी त्याच बाजूचं पुढचं-मागचं चाक बदला (चारही टायर एकाच मापाचे असतील तरच). दोषी टायर मागे बसवला की ओढ फारशी जाणवत नाही. रस्त्याचा कडेकडे उतार असतोच, म्हणून जमेल तर विरुद्ध उताराच्या रस्त्यावरही पाहा.

राहिला ब्रेक. ब्रेक न दाबता गाडी डावीकडे ओढत असेल, तर डावा ब्रेक सतत धरत असण्याची शक्यता आहे. फक्त दाबल्यावरच डावीकडे गेली, तर बहुतेक वेळा उजवा ब्रेक कमी लागतोय, म्हणजे गाडी जिकडे जाते त्याच्या उलट्या बाजूला शोधायचं. दहा-बारा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही डिस्कचं तापमान मोजा. हात लावू नका. एक ठळक जास्त तापली असेल तर गाडी जॅकवर घेऊन मेकॅनिककडून ब्लीडर निपल (ब्रेकमधलं तेल सोडायचं छोटं तोंड) सैल करून घ्या. चाक लगेच सुटलं तर दाब अडकलाय : ब्रेक होस (तेलाची रबरी नळी) आतून फुगलाय, किंवा मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर तेलाला देणारा पंप) दाब सोडत नाही. तरी अडलेलंच राहिलं तर पॅड दाबणारा पिस्टन गंजलाय किंवा ब्रेकचा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन जाम आहेत. जळका वास येत असेल तर गाडी चालवत नेऊ नका.

उजवं वळण घेतल्यावर उजवीकडे आणि डावं घेतल्यावर डावीकडे ओढते, असं असेल तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट घट्ट झालाय. तुमची ओढ कायम डावीकडेच आहे, म्हणून तिकडे आत्ता जायला नको.

तुमच्यासाठी क्रम : हवा, चाकांची अदलाबदल, डिस्कचं तापमान. तिन्हीतून काही निघालं नाही, तर दोन्ही प्रिंटआउटमधले पुढच्या चाकांचे कॅम्बर, कॅस्टर आणि किंगपिन झुकाव (चाक वळण्याचा आस समोरून पाहिल्यावर आत झुकण्याचा कोन), डावे-उजवे वेगळे, इथे लिहा. कॅम्बर आणि किंगपिन झुकाव यांच्या बेरजेत दोन्ही बाजूंना फरक दिसला, तर स्ट्रट किंवा नकल वाकल्याचा संशय घेता येईल.